सक्ती कोणावर?

श्रोतेहो, 'सक्तीचे व मोफत शिक्षण' ही शब्दजोडी आपल्या कानांना इतकी सवयीची झाली आहे की, तिच्यातील पहिल्या शब्दापाशी आपण सहसा थांबत नाही. मोफत म्हणजे काय, हे सर्वांस कळते. परंतु सक्ती म्हटली की ती कोणी तरी करावयाची असते आणि कोणावर तरी करावयाची असते. शिक्षणाच्या बाबतीत ही सक्ती नेमकी कोणावर? मुलावर, आईबापांवर, की शासनावर? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर हळूहळू, परंतु मुळापासून बदलत गेले. त्या बदलाची कथा आज आपणांस सांगावयाची आहे. ही कथा जुनी असली तरी संपलेली नाही. अगदी अलीकडच्या न्यायालयीन निर्णयांतूनही हाच प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढीत आहे.

प्रारंभ बडोद्यापासून करणे योग्य होईल. तत्पूर्वी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. ब्रिटिश सरकारने ती मनावर घेतली नाही. ज्या राजाने असा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखविला तो स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा होता, आणि १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक येईपर्यंत त्याचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. अक्षरावाचून राहणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक होते त्यालाच अक्षराची निकड कळावी, यात नवल नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली काठेवाडातील अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला. राजधानीपासून दूरचा एक लहानसा मुलूख त्यांनी निवडला, अनुभव घेतला, आणि १९०६ साली कायदा करून ती योजना सर्व संस्थानास लागू केली. मुलींसाठी वयाची मर्यादा मुलांपेक्षा कमी ठेवावी लागली, तरी मुलींनाही कायद्याच्या कक्षेत आणले, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हती.

या कायद्यातील सक्ती आईबापांवर होती. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होई. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला, त्यातही आईबापांनी हयगय केल्यास दंडाची तरतूद होतीच. आज हे आपणांस कठोर वाटेल. ज्या घरात गुरे राखण्यासाठी पोराचे हात आणि तान्ह्या भावंडाला सांभाळण्यासाठी पोरीची कंबर लागते, त्या घराला दंड करावयाचा म्हणजे गरिबीलाच दंड करावयाचा, असा आक्षेप तेव्हाही घेता येण्याजोगा होता. परंतु ही सक्ती एकतर्फी नव्हती, हे विसरता कामा नये. राजाने आईबापांवर बंधन घातले तेव्हा त्याने शाळा उभारण्याचे, शिक्षक नेमण्याचे व फी न घेण्याचे बंधन आपणहून स्वीकारले होते. एवढेच नव्हे, तर शिकलेले मूल पुढे अक्षर विसरू नये म्हणून महाराजांनी १९१० पासून संस्थानात गावोगावी वाचनालयांची योजना सुरू केली. तरीसुद्धा एक गोष्ट खरीच की, राजाचे बंधन हे राजाच्या इच्छेवर अवलंबून होते. शाळा निघाली नाही तर दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न त्या कायद्याने सोडविला नव्हता. आईबापांना दंड होता, दरबारास नव्हता.

बडोद्याचा दाखला पुढे ठेवूनच नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात आपले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते विधेयक किती सौम्य होते, हे पाहिले म्हणजे आज आश्चर्य वाटते. सक्ती करावयाची की नाही हे स्थानिक संस्थांनी ठरवावयाचे. तीही ज्या भागात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच. वय सहा ते दहा. आणि आरंभी केवळ मुलग्यांसाठी. ज्या पालकाचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्याकडून फी घेऊ नये, एवढी सवलत. इतके करूनही मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. लोकांची तशी मागणी नाही आणि खजिन्यात पैसा नाही, ही सरकारची कारणे होती. बडोद्याच्या संस्थानाला जे परवडले ते साम्राज्याला परवडत नव्हते! पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. परंतु मुभा ती मुभाच. ज्या नगरपालिकेची इच्छा नसेल तिला कोण विचारणार?

आता आपण संविधानसभेकडे येऊ. कारण या कथेतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग तेथे घडला, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही. संविधानाच्या मसुद्यातील छत्तिसाव्या अनुच्छेदाच्या प्रारंभीच असे म्हटले होते की, प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणास हक्कदार आहे. आणि त्यापुढे, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे शब्द होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी या अनुच्छेदावर चर्चा झाली. मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात हक्काची भाषा विसंगत दिसते, अशी हरकत निघाली, दुरुस्ती मांडली गेली आणि ती मान्यही झाली. 'हक्कदार' हा शब्द गळाला. 'प्रयत्न करील' हे शब्द राहिले. त्याच चर्चेत, ही तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित करावी, अशीही सूचना आली होती. ती मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा धोक्याच्या कामास लावू नये, असे संविधान एकीकडे सांगते. मग त्या मुलाने चौदा वर्षांचे होईपर्यंत करावयाचे काय? त्याची जागा शाळेतच असली पाहिजे, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्यानेच ही चौदा वर्षांची मर्यादा राखली, हा योगायोग आपण ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

अशा रीतीने संविधानात ४५ वा अनुच्छेद आला. मार्गदर्शक तत्त्वांपैकी मुदत घातलेले असे हे एकच तत्त्व होते. दहा वर्षे, म्हणजे १९६०. ते साल आले आणि गेले. मुदत टळली, परंतु कोणास जाब विचारता आला नाही. कारण मार्गदर्शक तत्त्वांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाता येत नाही, असे संविधानच सांगते. पालकाने मूल शाळेत न पाठविले तर त्याला दंड करणारे कायदे निरनिराळ्या राज्यांत होते. राज्याने शाळाच न काढली तर? त्यावर कायदा मुका होता.

हे मौन तुटण्यास १९९२ साल उजाडावे लागले, आणि तेही एका अनपेक्षित बाजूने. कर्नाटकातील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाने मागितलेली भरमसाट फी देणे शक्य नाही म्हणून उत्तर प्रदेशातील एक विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने म्हटले की, शिक्षणाचा हक्क हा जीविताच्या हक्कातच सामावलेला आहे. वर्षभराच्या आतच, ४ फेब्रुवारी १९९३ रोजी, आंध्र प्रदेशाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा विचार अधिक रेखीव केला. चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क आहे. त्यापुढील शिक्षणाचा हक्क मात्र राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहील, असा तो निर्णय होता. म्हणजे प्रश्न होता मोठ्यांच्या महागड्या शिक्षणाचा, आणि त्यातून हक्क मिळाला तो लहानांच्या पाटी-पेन्सिलीला.

संसदेने २००२ साली शहाऐंशीवी घटनादुरुस्ती करून २१-क हा नवा अनुच्छेद मूलभूत हक्कांच्या प्रकरणात घातला. १९४८ साली गळालेला शब्द चोपन्न वर्षांनी परत आला, तोही अधिक मानाच्या जागी. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचा हा हक्क अमलात आणण्यासाठी २००९ साली शिक्षणहक्क कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याच्या आठव्या कलमात 'सक्तीचे शिक्षण' या शब्दांचा अर्थ सांगितला आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. सक्तीचे शिक्षण म्हणजे शासनावरील बंधन, असे हे कलम म्हणते. प्रत्येक मुलाचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता यांची निश्चिती करण्याचे बंधन शासनावर आहे. आईबापांनी मुलाला शाळेत घालावे, हे कर्तव्य दहाव्या कलमात सांगितले आहे खरे. पण त्याला दंडाची शिक्षा जोडलेली नाही. अमरेलीत जी सक्ती शेतकऱ्याच्या दाराशी उभी होती, ती आता सरकारच्या दाराशी आली आहे.

बंधन एकदा मान्य झाले की त्याचा तपशील विचारता येतो. २००४ साली तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेला आग लागून ९४ मुले होरपळून मेली. त्यावरून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले की, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग होय. तत्पूर्वी २००१ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतून मुलांना शिजविलेले दुपारचे जेवण देण्याचा आदेश दिला होता. २०१२ साली प्रत्येक शाळेत पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत, असा आदेश झाला. मुलींसाठी निराळे स्वच्छतागृह नाही म्हणून वयात आलेली मुलगी शाळा सोडते, तेव्हा तिच्या आईबापांस दंड करून काय साधणार? तेथे विटा, नळ आणि कडी असलेले दार हवे असते. अन् तरीही २०२५ च्या जुलैमध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात सरकारी शाळेचे छप्पर कोसळून मुले दगावली. हक्क कागदावर उतरला म्हणून छप्पर आपोआप दुरुस्त होत नाही, हे या घटनेने पुन्हा दाखविले.

शासनावरील बंधनात खासगी शाळांनीही वाटा उचलावा, या हेतूने कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील पहिल्या इयत्तेच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद बहुमताने वैध ठरविली. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत नियम बदलून, जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेवर हे बंधन राहू नये, असे ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने आधी त्यास स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. मूळ कायद्याने दिलेला हक्क नियमाच्या आडवाटेने काढून घेता येत नाही, हा त्यातील बोध होय.

मुलांना नापास न करण्याचे धोरण मात्र बदलले आहे. मूळ कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवता येत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या शेवटी परीक्षा आली. नापास मुलास जादा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यावयाची, आणि त्यातही ते अनुत्तीर्ण झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवावयाचे की नाही, हे संबंधित शासनाने ठरवावयाचे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी तसे नियम केले. या बदलाचे समर्थन करणारे म्हणतात की, परीक्षेच्या धाकावाचून अभ्यास होत नाही. त्यात तथ्य नाही असे नाही. पण पाच वर्षे शाळेत बसलेल्या मुलाला वाचता येत नसेल, तर नापास कोण झाले, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही. सक्ती पुन्हा घसरत घसरत मुलाच्या डोक्यावर येऊन बसू नये, एवढी जागरूकता आपण बाळगली पाहिजे. दुरुस्तीनंतरही प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे निदान सर्व पालकांस ठाऊक असावे.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी समाजास या साऱ्यात आणखी एक पदर आहे. राज्यपुनर्रचनेच्या वर्षी, १९५६ मध्ये, संविधानात ३५०-क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. शिक्षणहक्क कायद्यातही, शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावी, असे म्हटले आहे. 'प्रयत्न' आणि 'शक्यतोवर' हे दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे आहेत. १९४८ सालीही असेच शब्द मागे उरले होते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कर्नाटकच्या प्रकरणात निर्णय दिला की, मातृभाषेतूनच शिकविण्याची सक्ती राज्याला करता येणार नाही. माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाच्या वतीने आईबापांचे आहे. म्हणजे मराठी शाळा जगावी अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी सक्तीच्या आशेवर राहू नये. शाळा चांगली करणे आणि आपले मूल तेथे घालणे, हाच मार्ग उरतो.

त्याच दिवशी त्याच पीठाने आणखी एक निर्णय दिला. शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा नसोत, लागू होणार नाही. अल्पसंख्याक हे राज्यागणिक ठरवावयाचे आणि त्यांत भाषिक अल्पसंख्याकही येतात, हे २००२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते. त्यामुळे कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश वा तेलंगणातील मराठी समाजाने अल्पसंख्याक म्हणून चालविलेल्या शाळांपर्यंत हा प्रश्न येऊन पोचतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठापुढे विचारार्थ ठेवावा, असे सुचविले. त्याच वेळी, अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न बाजूला ठेवून, पहिली ते आठवीच्या इतर शाळांतील ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे, असाही निर्णय दिला. आपली शाळा आपल्या मनाप्रमाणे चालविण्याचे स्वातंत्र्य समाजास हवे. पण त्या शाळेतील मुलालाही इतर मुलांइतकेच संरक्षण मिळावयास हवे. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न केवळ न्यायाधीशांचा नाही, शाळा चालविणाऱ्या प्रत्येक मंडळाचाही आहे.

श्रोतेहो, शेवटी एका लहानशा कलमाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यातील तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सभासद स्त्रिया. शाळेच्या कामावर देखरेख ठेवावी, तिचा विकास आराखडा तयार करावा, आलेल्या अनुदानाचा खर्च कसा झाला हे पाहावे, ही या समितीची कामे होत. अल्पसंख्याकांच्या व अनुदानित शाळांत तिचे स्वरूप सल्ल्यापुरतेच असले, तरी सरकारी शाळांत हा अधिकार खरा आहे. अमरेलीच्या कायद्यात जो बाप दंडास पात्र ठरत होता, त्याच्या पणतवंडांच्या शाळेत आज हिशेब मागण्याचा अधिकार पालकांस मिळाला आहे. मधल्या शतकात कायद्याने एवढी वाटचाल केली.

परंतु समितीची सभा भरली आणि पालक आलेच नाहीत, तर हा अधिकार वहीतील सह्यांपुरता उरेल. सयाजीरावांनी आईबापांना दटावून शाळेपर्यंत आणले. आज कोणी दटावीत नाही, दंडही करीत नाही. म्हणूनच आपण होऊन जाण्याची जबाबदारी अधिक आहे. आपल्या गावच्या, आपल्या पेठेच्या शाळेच्या समितीची पुढील सभा केव्हा आहे, एवढी चौकशी आपण उद्या सकाळी केलीत, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.